कुंभारणीचा प्रश्न

पाडव्याच्या सकाळी मी शैलजाताईंना नमस्काराचा फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यांनी विचारलं, "कट्ट्यावर वाचलंस ना, मी लिहिलेलं?"

"वाचलं ना ताई. सगळ्यांना फार आवडलं."

 मग "आवडलं. बरं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताई राहतात तिथे, लांज्याला, रेंजचा घोळ असेल, असं मला वाटलं. मी वाचलं होतं ते त्यांच्या अंगणातल्या अबोलीच्या फोटोखालचं चार ओळींचं टिपण. त्याला साडेसहाशे नमस्कार पडले होते. ताईंनी त्याशिवाय आणखी काही लिहिलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि कट्टा तर मीच चालवत होते.

मिरजेच्या आनंदाश्रय कीर्तन सभेचा हा इंटरनेटवरचा कट्टा. गावातले म्हातारेकोतारे आणि परदेशी गेलेली त्यांची मुलंबाळं मिळून अकरा हजार सदस्य. कीर्तनांची ध्वनिमुद्रणं तिथे ठेवायची, त्यावर लोकांनी लिहायचं, भांडायचं, पुन्हा नमस्कार करून जायचं. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते काम अंगावर घेतलं. कीर्तन मी शैलजाताई मेहेंदळ्यांकडे बावीस वर्षं शिकले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शर्वरी, पूर्वरंगात समोरच्याचं म्हणणं असं मांड, की त्यालाही वाटलं पाहिजे, मला हे इतकं चांगलं सुचलं नव्हतं. मग उत्तर द्यायला उभी राहा. त्याआधी तुला उत्तर द्यायचा अधिकार नाही."

याला आम्ही पूर्वपक्ष म्हणतो. आधी शंका, पूर्ण ताकदीनिशी. उत्तर नंतर, उत्तररंगात.

ताईंचं स्वतः रचलेलं एक आख्यान होतं, नदीकाठच्या कुंभारणीचं. आख्यान उत्तररंगातलं, पण त्यातलं भांडण त्या पूर्वरंगातच घ्यायच्या. तिचा मुलगा पुरात जातो. दुसऱ्या दिवशी ती भिजलेल्या हातांनी देवळात येते आणि देवाला विचारते, "तुझ्या पुढ्यात रोज लावतात ती पणती मी घडवते. मग मी घडवलेलंच तू का मोडलंस? चाक माझं, माती माझी, आणि मोडायचा हक्क तुझा?" ताई हे म्हणायच्या तेव्हा पेटीवाल्याचा हात थांबायचा. पाच मिनिटं नुसतं भांडण. मी ते तीसएक वेळा ऐकलंय, आणि दर वेळी वाटायचं की आज देव उत्तर देऊ शकणार नाही.

आता निवळीबद्दल सांगायला हवं.

निवळीची बी उगाळून गढूळ पाण्यात घातली की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही कट्ट्यावर बसवलेल्या यंत्राचं नाव तेच. कामही तेच. हल्ली बहुतेकांच्या मनगटावर तब्येतीची पट्टी असते. ती नाडीची गती, त्वचेचा ओलावा, श्वास मोजते. कुठला मजकूर वाचताना कुणाचं शरीर कसं वागतं हे निवळी महिनोन्महिने पाहत राहते आणि त्यावरून प्रत्येक माणसाची गणिती प्रतिकृती बनवते. आम्ही तिला सावली म्हणायचो. अकरा हजार सदस्यांच्या अकरा हजार सावल्या. कुणी काही लिहिलं की ते आधी सावल्यांना ऐकवलं जातं. ज्याची सावली ठरल्या रेषेपलीकडे थरथरली, त्या सदस्यापुरता तो मजकूर तळाशी राहतो. बाकीच्यांना दिसतो. पुसला काहीच जात नाही. ध्वनिमुद्रणांनाही हाच नियम. एखाद्याला फार लागेल असा भाग त्याच्यापुरता वगळला जातो, आणि सांधा इतका सफाईनं जुळवलेला असतो की काही गेलंय हे कळत नाही.

हे आम्ही का आणलं, तेही सांगते. आमचे पेटीवाले दातारमास्तर. एका आख्यानात एका जातीबद्दल हिणकस शेरा होता, त्यावर मास्तरांनी कट्ट्यावर हरकत घेतली. आठ दिवसांत चारशे प्रतिक्रिया. मास्तरांच्या वयावर, वाजवण्यावर, शेवटी त्यांच्या गेलेल्या मुलावर. नवव्या दिवशी सकाळी ते झोपाळ्यावर गेले, फोन हातातच होता. पुन्हा आपल्या कट्ट्यापायी माणूस जाता कामा नये, हा ठराव मी लिहिला. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

निवळी बसवताना कंपनीनं आम्हाला एक प्रश्न विचारला होता. मजकूर तळाशी गेला तर लेखकाला कळवावं की कळवू नये? आमचे अध्यक्ष सबनीस म्हणाले, "कशाला उगाच एखाद्याचं मन मोडायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पंगतीत जिलबी नको म्हणवत नाही, म्हणून पानात टाकून उठणारी माणसं आम्ही. 'कळवू नये' यावर खूण केली. त्याऐवजी प्रत्येक लेखकाला एक पोच जाईल असं ठरलं. 'आपलं म्हणणं सभेपर्यंत पोचलं. धन्यवाद.' हे वाक्यही माझंच.

*

एप्रिलच्या सव्वीस तारखेला निवळीच्या कंपनीची मुलगी वार्षिक तपासणीला आली. रुबिना मुजावर, इथलीच, किल्ला भागातली. लहानपणी आजोबांबरोबर आमच्या मंडपाबाहेर उभी राहून कीर्तन ऐकायची, असं तिनंच सांगितलं.

"काकू, तुमच्या खात्यात लई गाळ साठलाय की," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "अख्ख्या कट्ट्यात तुमचा नंबर पहिला."

"माझा? मी तर सगळं वाचते."

"तुम्हाला दिसतं ते सगळं वाचता." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आणि सगळ्यात जास्त थरथर एकाच बाईच्या मजकुराला आहे. मेहेंदळे, एस."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "ताईंचं? ताईंच्या बोलण्याचा मला कसला त्रास?"

"यंत्राला त्रास कळत नाही काकू, धडधड कळते. राग आला तरी नाडी पळते, काळजी वाटली तरी पळते. तळहाताला घाम फुटतो तो भीतीनं की मायेनं, हे पट्टीला कुठनं कळणार? ज्याच्यात आपला जीव जास्त अडकलेला, त्याच्या शब्दाला सावली जास्त थरथरते." ती थोडी थांबली. "म्हणजे घरच्या माणसाचं आधी तळाला जातं. अनोळखी माणसाचं काय, तो काही का बोलेना."

"उघड ते."

"एकदम उघडू नका. सावकाश."

मी एकदमच उघडलं.

पहिलं माघ महिन्यातलं. 'सभेला माझा जाहीर प्रश्न. माझ्या भाचीनं माझं आख्यान कट्ट्यावरून ऐकवलं. त्यात कुंभारीण देवळात येते, नमस्कार करते आणि घरी जाते. तिचं तोंड कुणी बंद केलं?'

दुसरं फाल्गुनातलं. 'पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही. अकरा हजारांत एकालाही भांडावंसं वाटू नये? तुम्ही सगळे भेकड झाला आहात. शर्वरी, तूसुद्धा.'

तिसरं पाडव्याच्या आदल्या दिवशीचं. 'चौदा तारखेला माझं स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर आवाज राहणार नाही. त्याआधी कुणीतरी येऊन माझ्याशी या विषयावर भांडावं, एवढी इच्छा आहे. शर्वरी आली तर बरं.'

वाचणाऱ्यांचा आकडा बाजूला होता. त्रेचाळीस. रुबिनानं नावं काढून दाखवली. एकही ताईंना ओळखणारा नव्हता.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जसं काही तिथे तारीख वेगळी असणार होती.

*

दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून बसनं लांज्याला गेले. वाटेत पट्टी तीनदा थरथरली. दीर्घ श्वास घ्या, असं तिनं सुचवलं. साखरप्याच्या थांब्यावर मी ती काढून पिशवीत टाकली.

ताई ओसरीवर आरामखुर्चीत होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर पाटी. आजकाल कोण पाटी वापरतं, पण ताई वापरत होत्या. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटीवर एकच शब्द लिहिला आणि माझ्याकडे वळवली.

'आवडलं?'

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. सावल्या, रेष, तळ, पोच. बोलताना ते सगळं सबबीसारखं वाटत होतं. ताई ऐकत होत्या. ऐकणं त्यांचं पहिल्यापासून असंच, अंगावर येणारं.

भाची सायली चहा घेऊन आली. "मावशीसाठी यंत्राचा आवाज बनवून दिलाय हॉस्पिटलनं," ती म्हणाली. "जुन्या ध्वनिमुद्रणांवरून. मीच कट्ट्यावरून उतरवून दिली सगळी. पण ती वापरतच नाही बघा. समजावून सांगा जरा."

तिनं फोनवर ताईंची जुनी ओळ टाइप केली. चाक माझं, माती माझी, आणि मोडायचा हक्क तुझा. फोन बोलला. हुबेहूब ताई. तीच खर्जाची किनार, तोच कोकणी हेल. पण कुणीतरी पाहुण्याला साखर किती म्हणून विचारावं तशी ती ओळ आली आणि गेली.

मला कळायला थोडा वेळ लागला. ध्वनिमुद्रणं सायलीच्या खात्यातून उतरवली होती. मावशीवर सगळ्यात जीव सायलीचा, म्हणजे तिची सावली सगळ्यात जास्त थरथरणार. तिच्या वाट्याला ताईंचा सगळ्यात निवळलेला आवाज आला होता, आणि यंत्र तेवढ्यावरच शिकलं होतं.

ताईंनी पाटी पुसली, लिहिलं. 'हिला राग येत नाही.'

"सभेतल्या मूळ फिती आहेत ताई. मी त्या पाठवते, पुन्हा बनवून घेऊ."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाटी पुन्हा पुसली. अक्षर कीर्तनाच्या वहीतलंच, गोल आणि ठाम.

'माझा आवाज गेला. तो गेला. कुंभारणीचा नको जायला.'

मग त्यांनी आत बोट दाखवलं. सायलीनं फडक्यात गुंडाळलेल्या चिपळ्या आणून माझ्या हातात दिल्या. ताईंनी शेवटचं लिहिलं, 'अक्षय्यतृतीयेला तुझं कीर्तन. मी येते. पूर्वपक्षात अंग चोरू नकोस.'

*

"अगं, पण बोलू तर प्रत्येकाला देतोच आहोत," सबनीस म्हणाले. कार्यालयात आम्ही दोघंच. सबनीस माणूस वाईट नाही. मास्तरांच्या तेराव्यापर्यंत रोज त्यांच्या घरी जाऊन बसणारा हाच. "एक अक्षर पुसलंय का आपण तीन वर्षांत?"

"ऐकणारा नसेल तर भिंतीशी बोलायलाही कुणाची मनाई नव्हती, अण्णा."

"मास्तरांचं विसरलीस?"

"नाही विसरले. मास्तरांनी हरकत कशावर घेतली होती ते मात्र आपण दोघंही विसरलो. गाळ काढून बघितला मी. ते आख्यान तसंच चालू आहे. शेरा तसाच आहे. त्यावर बोलणारे तेवढे तळाशी गेले."

सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे शिवीगाळ परत आणायची?"

"मला माहीत नाही काय आणायचं. शिव्या आहेत तळाशी, भरपूर आहेत. पण त्याच तळाशी ताई आहेत. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला पाहिजे होता, आणि आपण तो बघायचं काम सोडून दिलं."

"उत्सवात तू काय करणार आहेस ते मला सांगू नकोस," ते म्हणाले. "सांगितलंस तर मला नाही म्हणावं लागेल."

उत्सवाआधी मी दातारमास्तरांच्या पत्नीकडे गेले. मीनलवहिनी मास्तरांची पेटी पुसत होत्या. सभेत काय वाचणार ते त्यांना सांगितलं, आणि त्यात मास्तरांचाही विषय निघेल हेही.

"माझ्या हृदयाला दोन स्प्रिंगा आहेत, ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या.

"म्हणून तर विचारायला आले."

"तीन वर्षं मला सगळे गोड बोलतात गं. ते म्हणत होते ते बरोबर होतं की चूक, हे मात्र एकानंही सांगितलं नाही." त्यांनी भात्यावरून फडकं फिरवलं. "वाच. पण लिहिणाऱ्यांची नावं घेऊन वाच."

*

अक्षय्यतृतीयेला दुपारी चारला मंडप भरला. साडेचारशे माणसं आणि कट्ट्यावरून थेट ऐकणारे वेगळे. ताई पहिल्या रांगेत, हातात झांजा. शेजारी मीनलवहिनी. सबनीस खांबाला टेकून उभे. मंडपाच्या दाराशी, चपलांच्या पलीकडे, रुबिना. तिनं थेट प्रक्षेपणावरची निवळी मी सांगितल्याप्रमाणे बंद केली होती, आणि बाहेर डॉक्टरांची गाडी उभी केली होती. ते मी सांगितलं नव्हतं.

नमन झालं. मी ताईंच्या चिपळ्या हातात घेतल्या आणि म्हटलं, "आज पूर्वपक्ष माझा नाही. तुमचाच आहे. तीन वर्षं तळाशी बसलेला. ज्यांनी लिहिलं त्यांना सगळ्यांनी वाचावं असंच वाटत होतं, म्हणून नावांसकट वाचते."

सुरुवात माझ्यापासून केली. "कुपवाडचे किरण बेडगकर लिहितात, शर्वरीबाई कीर्तन करत नाहीत, निवेदन करतात. त्यापेक्षा रेडिओवरचं हवामान बरं, त्यात निदान पाऊस तरी पडतो."

मंडप हसला. बेडगकर चौथ्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. मीही हसले. लागलं होतं, पण खरं होतं, आणि तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी सुधारले असते.

दोन-चार अशीच वाचली. मग वहीचं पुढचं पान उघडलं.

"इचलकरंजीच्या वंदना आवळे लिहितात. दातारमास्तरांनी ज्या शेऱ्यावर हरकत घेतली तो आमच्याबद्दल होता. मास्तर गेले, शेरा राहिला. तुमच्या मंडपात माझे वडील तीस वर्षं सतरंज्या घालत आले. आरतीचं तबक एकदाही त्यांच्या हातात दिलं नाही. का, एवढंच विचारते. ही माझी एकोणिसावी वेळ. प्रत्येक वेळी म्हणणं पोचलं असं उत्तर येतं. कुणाला पोचतं?"

आधी कुठून आवाज येतोय ते कळेना. बारीक, भुंग्यांसारखा. मग लक्षात आलं, मनगटांवरच्या पट्ट्या थरथरत होत्या. एक, दहा, शंभर. साडेचारशे माणसांना एकाच वेळी शांत व्हायला सांगितलं जात होतं. मीनलवहिनींनी बटव्यातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. मी थांबले. त्यांनी हातानं खूण केली, चालू दे.

डावीकडून कुणीतरी उठलं. त्याच्या मागे आणखी दोघं.

"बसा," मी म्हटलं. आवाज चढला नाही, पण ताईंकडे शिकलेला खालचा सूर लागला. "कट्ट्यावर तीन वर्षं आपण सगळे मधूनच उठून जात होतो, आणि आपण उठलो हे आपल्यालाही कळत नव्हतं. इथे कळतंय. कीर्तनातून आरतीआधी उठायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

उठलेला माणूस काही क्षण तसाच उभा राहिला. आरतीआधी उठलो, हे घरी जाऊन कसं सांगणार. तो बसला. मग ते दोघंही बसले.

मग मी कुंभारणीला देवळात आणलं. तिचे हात भिजलेले होते. माझी छाती इतकी धडधडत होती की पट्टी असती तर तिनं डॉक्टरांना बोलावलं असतं. चाक माझं, माती माझी. पाच मिनिटं मी देवाशी भांडले. त्यात ताईंचा तिसरा मजकूर कधी मिसळला ते मलाही कळलं नाही. कुणीतरी येऊन माझ्याशी भांडावं, एवढी इच्छा आहे. पेटीवर आलेल्या नव्या मुलीचा हात थांबला. पहिल्या रांगेतून ताईंच्या झांजेचा ठेका तेवढा येत राहिला, थोडासुद्धा न ढळता.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे सबनीसांनी हार घालायला पुढे यायचं. ते आले. हार हातातच धरून माझ्यासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, उत्तररंग?"

बावीस वर्षांत कधी झालं नाही ते झालं. माझ्याजवळ उत्तररंग नव्हता. ताईंच्या आख्यानात शेवटी देव कुंभारणीच्या चाकावर येऊन बसतो. ते मला येत होतं, ओठांवर होतं. पण वंदना आवळ्यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, आणि मी लिहिलेल्या त्या खोट्या पोचेला तर नव्हतंच.

"उत्तर माझ्याजवळ नाही अण्णा," मी ध्वनिक्षेपकातूनच म्हटलं. "ज्यांच्याजवळ आहे त्यांनी द्यावं. मी ऐकते. मी बसते आता."

आणि व्यासपीठावर, सगळ्यांच्या समोर, मांडी घालून बसले.

पट्ट्यांची भुणभुण चालूच होती.  मागच्या बाजूला, सतरंजी संपते तिथे, एक बाई उभी राहिली. ती जायला उभी राहिली नव्हती. ती वंदना आवळे असेल का, मला ठाऊक नव्हतं. एकोणीस वेळा तिनं मला विचारलं होतं आणि मी तिचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं.

सबनीसांनी हार बाजूला ठेवला आणि तिच्याकडे वळले. ताईंची झांज थांबली.

माझ्या उजव्या हाताला आरतीचं तबक तयार होतं. तेल होतं, वाती होत्या. काडेपेटी माझ्या मुठीत होती. ते तबक आज कुणाच्या हातात द्यायचं, हे अजून ठरलेलं नव्हतं. मी काडी ओढली नाही.